दगड उचलून जाजो

आर्वीला एका सरकारी कचेरीत तानबाजी थूल नावाचे क्लार्क होते. फायलींच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात कधी घाई केली नाही, पण रस्त्यात एखादी गाडी बंद पडलेली दिसली, की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. लुना स्टँडवर लावायची, रुमाल डोक्याला बांधायचा आणि ओळख ना पाळख, थेट ड्रायव्हरपुढे जाऊन उभं राहायचं. गाडीतलं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं. लुनेचा प्लग साफ करायचा तरी ते पोराला हाक मारत. पण बंद पडलेल्या गाडीभोवती माणसांनी कसं वागावं, याबद्दल त्यांची मतं पक्की होती, आणि ती ऐकवल्याशिवाय ते कोणाला सोडत नसत.

"सवाऱ्या उतरवा आधी. वावराच्या बाजूनं उतरवा, डांबराच्या बाजूनं नाई. ए बाई, गाडीच्या मांगं नको उभी राहू, लेकरू घेऊन त्या झाडाखाली बस. ड्रायव्हरसाहेब, फांदी टाकली का? इथं नाई जी, तिकडं, दूर टाका. मांगून येणाऱ्याले ब्रेक माराले जागा नको का?"

आणि सगळ्यात शेवटी, गाडी सुरू झाली की, "दगड उचलून जाजो."

आपल्याकडे गाडी बंद पडली की चाकांना दगड लावतात, आणि मागून येणाऱ्यानं लांबूनच वळावं म्हणून रस्त्यावरही दगडांची एक रांग मांडतात. मांडताना दहा जण धावतात. गाडी सुरू झाली, की तेच दहा जण जागा पकडायला धावतात, आणि दगड राहतात तिथंच, पंगत उठल्यावर पत्रावळी राहाव्यात तसे. त्यानंतर कोण त्यांच्यावर आदळतो, ते पाहायला तिथं कोणी थांबत नाही.

तानबाजींना हे वेड काही जन्मजात नव्हतं. त्र्याण्णव साली ते आणि अनुसयाबाई रोहण्याहून नात्यातलं एक बारसं आटोपून लुनेवर घरी येत होते. दिवेलागण झाली होती. लुनेच्या हँडलला आहेराची थैली टांगलेली, ती नेमकी दिव्यासमोर आली होती, त्यामुळे रस्त्यापेक्षा थैलीवरच उजेड जास्त पडत होता. अनुसयाबाईंच्या मांडीवर उरलेल्या लाडवांचा डबा. दुपारी कुठलासा ट्रक तिथं बंद पडला होता. ट्रक केव्हाच निघून गेला, त्याचे दगड मात्र इमानदारीनं जागेवर बसून होते.

तानबाजी उडाले ते कडेच्या पऱ्हाटीत, मऊ कपाशीच्या वावरात पडले. त्यांना ओरखडासुद्धा आला नाही. अनुसयाबाई डांबरावर पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. ज्वारीची भाकर थापायला तळहाताइतकंच मनगटही लागतं, हे तानबाजींना तेव्हा कळलं, कारण तेव्हापासून भाकरी तेच थापू लागले. सुरुवातीचे काही महिने विवेक, त्यांचा मुलगा, ताटात पाहून विचारायचा, "बाबा, आज कोणत्या तालुक्याचा नकाशा आहे?" अनुसयाबाई बाजूला पाटावर बसून पीठ किती, पाणी किती ते सांगायच्या. नवऱ्याला त्यांनी त्या पडण्याबद्दल कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. लुना आपण चालवत होतो, ही गोष्ट तानबाजींच्या मनातून काही गेली नाही.

मग त्यांनी जगाचे दगड उचलायचा वसा घेतला. अनुसयाबाईंना तो मुळीच पसंत नव्हता. "माह्या हाताचं झालं ते झालं," त्या म्हणायच्या. "तुमचे दगड तुमच्यापाशी ठेवा. काऊन रोज रोज लोकाच्या तोंडी लागता?" कोणी पाहुणा घरी आला आणि तानबाजी नसले, की त्या सांगायच्या, "गेले असतीन त्यायचे दगड वेचाले."

एकदा संत्र्याच्या एका ट्रकवाल्यानं 'हाव, हाव, उचलतो' म्हणून मान हलवली आणि दगड तसेच टाकून ट्रक दामटला. तानबाजींनी लुना त्याच्या मागे लावली. लुनेनं ट्रक गाठणं शक्य नव्हतं, पण चहा ही चीज ट्रकवाल्यालाही सुटत नाही. पुढच्या फाट्यावर टपरीसमोर ट्रक उभा सापडला. घामाघूम माणूस तावातावानं येताना पाहून ड्रायव्हरला वाटलं, आरटीओचा साहेब आला. त्यानं मुकाट्यानं कागद पुढे केले. तानबाजींनीही सवयीनं ते सगळे वाचले, एका ठिकाणी सही राहिल्याचं दाखवून दिलं, आणि मग म्हणाले, "हे ठेवा. तुमी लुनेवर बसा." तो धिप्पाड गडी मागं बसल्यावर चढावर लुनेला पायडल मारावं लागलं, आणि तेही तानबाजींनाच. दोघांनी जाऊन दगड बाजूला केले. परत आल्यावर ड्रायव्हरनं त्यांच्या हातात दोन संत्री ठेवली. ती घरी दाखवून तानबाजी म्हणाले, "पाह्य, लोकाईले पटून राह्यलं." अनुसयाबाईंनी नुसतं संत्रं सोललं.

विवेक नोकरीला लागला आणि नाचणगावची ज्योत्स्ना त्याला पसंत पडली, तेव्हा हे दगड पहिल्यांदा खरे आडवे आले. ज्योत्स्नाचे वडील हरिदासजी पुलगावच्या डेपोतून रिटायर झालेले. दारूगोळ्यात आयुष्य गेलेला माणूस, वस्तू जागच्या जागी आणि काम वेळच्या वेळी. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तानबाजी दोन तास उशिरा पोचले, कारण वाटेत एका जीपचा एक्सल तुटला होता. पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा पंजा उमटलेला. हरिदासजींनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग पंजाकडे पाहिलं.

"लग्नाले असं चालणार नाई," ते म्हणाले. "भंतेजी बाराले येतीन, अन् एकाले त्यायले देवळीकडे दुसऱ्या लग्नाले जाणं आहे. एकाच्या आत वऱ्हाड आलं नाई, तं मी पाहुण्यायले जेवू घालीन अन् मांडव सोडीन. मंग लग्न कवा होईन ते मले नका विचारजा."

"आपल्यात मुहूर्त कुठं पाह्यतात जी?" तानबाजींनी चाचरत म्हटलं.

"मुहूर्त नाई, म्हून काय वेळ बी नाई?"

हरिदासजी बोलल्याप्रमाणे करणारे आहेत, हे सगळ्या नाचणगावला ठाऊक होतं. विवेकला महिनाभर नीट झोप आली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी, मे महिन्याचं ऊन अंगणात उतरत होतं तेव्हा, अनुसयाबाईंनी नवरदेवासमोर नवऱ्याला उभं केलं. "आज कोण्याच गाडीसाठी खाली उतराचं नाई. पाय बी टेकवाचा नाई. शब्द द्या."

"देल्ला," तानबाजी म्हणाले. पोराच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तो अगदी मनापासून दिला.

वऱ्हाडाची मॅटाडोर निघाली. वाटेत एक ट्रॅक्टर उभा दिसला. तानबाजींनी डोळे मिटले. पुढे एका मारुतीचं बॉनेट उघडं होतं, आणि एक जण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला वाकला होता. तानबाजींच्या घशातून नुसता आवाज आला. अनुसयाबाईंनी त्यांच्या हातावर सुपारी ठेवली. रोहणा मागं पडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता नाचणगाव आलंच. आणि तेवढ्यात मागचा टायर फटकन फुटला. ओमप्रकाश, मॅटाडोरचा ड्रायव्हर, हुशार होता. त्यानं एकदम ब्रेक न मारता गाडी हळूहळू कडेला घेतली, तरी अर्धी डांबरावरच राहिली.

सगळ्यांनी तानबाजींकडे पाहिलं.

तानबाजी पेचात पडले. बंद गाडीत कोणी बसून राहायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. आणि आज खाली पाय टेकवायचा नाही, हा त्यांचा शब्द. त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं. "ओमप्रकाश, चाकाले दगड लावला का? सारे उतरा, वावराच्या बाजूनं."

"अन् तुमी, काकाजी?" ओमप्रकाशनं विचारलं.

"म्या शब्द देल्ला."

"तुमी वर बसून असान, तं जॅक कसा लावू मी?"

सगळं वऱ्हाड लिंबाच्या सावलीत उभं राहून वाट पाहू लागलं. नवरदेव घड्याळ पाहत होता. शेवटी अनुसयाबाई म्हणाल्या, "उतरा. पण कायलेच हात लावाचा नाई."

तानबाजी उतरले, दोन्ही हात पाठीमागं बांधून. हात बांधले तरी तोंड मोकळं होतं. दगड कुठून कुठवर मांडायचे ते त्यांनी सांगितलं. बाभळीची फांदी लांब टाकायला लावली. फांदीला लाल कपडा हवा, तर लाल म्हणून फक्त नवरीसाठी नेत असलेली साडी होती. अनुसयाबाईंनी नुसतं पाहिलं आणि तानबाजींनी तो विचार सोडला. मग सोबतच्या बँडवाल्यांपैकी एकाचा लाल कोट काढून फांदीला घातला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाभूळच वरातीला निघाली आहे. स्टेपनीतही हवा कमीच होती, पण नाचणगावपर्यंत जाईल, असं ओमप्रकाश म्हणाला. नट आवळेपर्यंत साडेबारा वाजून गेले होते.

"चाला, चाला," एकच गलका झाला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत आत शिरली. बँडवाला पळत जाऊन कोट घेऊन आला, कारण कोट भाड्याचा होता. दगड कोणाच्याच भाड्याचे नव्हते.

गाडी हलली. तानबाजी मागच्या सीटवर होते. मागच्या काचेतून त्यांना सगळं दिसत होतं. डांबरावर वाकडी रांग, आणि चाकाला लावलेला एक मोठा धोंडा. त्यांनी तोंड उघडलं. पुढे विवेकचा फेटा दिसला, त्याखाली घामानं भिजलेली मान. त्यांनी तोंड मिटलं. शब्द दिला होता, आणि तो पोराला दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते दगड टाकून जात होते, आणि तेही स्वतःच्या हुकमानं मांडलेले. मांडीवर त्यांचा हात भाकर थापल्यासारखा आपोआप हलायला लागला.

अनुसयाबाईंनी तो हात पाहिला. मग मागं वळून काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. डाव्या हातानं त्यांनी आपलं उजवं मनगट धरलं होतं.

"ओमप्रकाश, गाडी थांबव," त्या म्हणाल्या.

"आता काय राह्यलं?" चार जण एकदम म्हणाले.

"आई, एक वाजाले आला," विवेक रडवेला झाला.

"वाजू दे. सांजच्याला याच रस्त्यानं कोणी बाई येईन, मांडीवर डबा घेऊन."

त्या उतरल्या आणि जरीची साडी सावरत उन्हात मागं चालू लागल्या. मग एक बाई उतरली, मग दुसरी, मग पुरुषांना बसून राहणं जड झालं. बँडवाले उतरले. तानबाजी मात्र जागचे हलले नाहीत. ओमप्रकाशनं गाडी उलटी घेत रांगेपाशी आणली, तरी ते खिडकीत तसेच बसून होते. अनुसयाबाई डाव्या हातानं एकेक दगड उचलून कडेच्या नालीत टाकत होत्या. मोठा धोंडा काही हलेना. त्यांनी वर पाहिलं.

"आता बसूनच राह्यता का? उतरा नं जी."

तानबाजी इतक्या चपळाईनं कधी लुनेवरूनही उतरले नव्हते. पण त्यांच्याआधी विवेक धोंड्याशी पोचला होता. नवा कोट, नवा फेटा, गुडघे डांबरावर. बापलेकांनी मिळून तो धोंडा लोटत लोटत बाभळीच्या बुंध्याशी नेला.

नाचणगावला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. मांडवात भंतेजी उठून उभे राहिले होते आणि चपला घालत होते. दारात हरिदासजी. मागं कुठंतरी ज्योत्स्नाचा रडून सुजलेला चेहरा दिसला. हरिदासजींनी तानबाजींच्या मळलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं आज?"

तानबाजींनी सगळा दोष अंगावर घ्यायला तोंड उघडलं. पण अनुसयाबाई पुढे झाल्या. त्यांनी हात जोडले. जोडलेल्या हातांपैकी उजवा नेहमीप्रमाणे थोडा वाकडाच राहिला, आणि त्यांच्या बोटांना रस्त्याची माती होती.

"माह्यामुळे उशीर झाला, भाऊ," त्या म्हणाल्या. "माहे दगड राह्यलते रस्त्यावर."

हरिदासजींनी साक्षगंधाच्या दिवशी त्या मनगटाची गोष्ट ऐकली होती. डेपोत विचारत असावेत त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सारे उचलले?"

"सारे."

"मोठा बी?"

"तो तुमच्या जावयानं उचलला."

हरिदासजींनी विवेकच्या कोटाचे गुडघे पाहिले. मग ते आत वळून म्हणाले, "भंतेजी, पाच मिनिटं द्या. देवळीले मी सोडून देतो तुमाले, माह्या स्कूटरवर." भंतेजींनी चपला पुन्हा काढल्या.

वऱ्हाड आत शिरलं. बँड वाजायला लागला. तानबाजी मात्र दारातच उभे राहिले. सहा वर्षं ते दगड त्यांचे एकट्याचे होते. त्यांना रडू आलं, आणि नवरदेवाच्या बापानं मांडवाच्या दारात रडू नये म्हणून त्यांनी डोळ्यांत धूळ गेल्याचं एका लहान पोराला सांगितलं.

"आत या नं जी," अनुसयाबाई परत येऊन म्हणाल्या. "काऊन उभे राह्यले?"

"हात धुवाचे आहेत," तानबाजी म्हणाले. तिथं ठेवलेल्या रांजणातून त्यांनी तांब्या भरून घेतला, आणि आधी अनुसयाबाईंच्या हातांवर पाणी घातलं.