गप्पकाकूंची दोन मिनिटं

गप्पकाकू कविता शिकवायच्या म्हणजे पोरांना गप्प बसवायच्या. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. एक कविता वाचायची, कोंबडीच्या आकाराचा किचन टायमर दोन मिनिटांवर फिरवायचा आणि म्हणायचं, "गप्प. कविता अजून चालू आहे." मध्ये कुणी बोललंच तर त्यांची भुवई अशी चढायची की पोर जागीच थिजायचं.

ही बाई पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेली. रविवारची झोप मोडून आम्ही पोरांना मराठी बोलायला आणणार आणि ही त्यांची तोंडं बंद करणार! वर्गातल्या विहानचा बाबा म्हणाला, "दोन मिनिटं शांतता? यार, कोण गेलं?" त्यावर सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

शिवाय वर्गात 'छान' म्हणायला बंदी. "छान जेवणाला म्हणायचं. कवितेने तुला काय केलं ते सांग." एकदा विहान म्हणाला, "इट मेड मी इची." काकूंनी गंभीर चेहऱ्याने फळ्यावर लिहिलं, 'विहानला खाज सुटली.' याला शिकवणं म्हणायचं?

पालकदिनाला मी कसलाही धोका पत्करणार नव्हते. नागपूरहून माझे वडील, आबा, व्हिडिओ कॉलवर होते. त्यांची फुप्फुसं थकली होती आणि एकच हट्ट उरला होता, नातीला मराठीत बोलताना ऐकायचं. माझी ईरा त्यांना कायम इंग्लिशमधून उत्तरं द्यायची. म्हणून मीच रोमन अक्षरांत चिठ्ठी लिहून दिली होती: 'या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.' कविता रिकाम्या झोक्याची होती, पण निसर्ग कुठेही चालतो.

ईराने कविता म्हटली आणि चिठ्ठी उघडली. काकू उठल्या, तिच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवली. "ईराची आई, हे तुमचं झालं. आता तिचं ऐकू." आणि कोंबडी फिरवली.

पोरगी उभी. हॉल गप्प. फोनमधून आबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. लाजेने माझे कान तापले. "आबा, इथे रेंज जातेय," म्हणत मी कॉल कट केला.

मग कोंबडी वाजली आणि ईरा म्हणाली, "झोका अजून हलतोय. म्हणजे कोणीतरी आत्ताच उठून गेलंय."

शुद्ध मराठीत. आणि आबांनी ते ऐकलं नाही. नंतर मी हातापाया पडले, पण ईरा ते पुन्हा म्हणेना. "आय ऑलरेडी सेड इट, आई." फोन मी कापला होता हे मला कळत होतं, तरी सगळा राग मी काकूंवर काढला. शाळेच्या कमिटीला लांबलचक ईमेल लिहिली, अकरा पालकांची नावं जोडली आणि त्यांचा वर्ग काढून घ्यायला लावला. काकू भांडल्या नाहीत. शेवटच्या रविवारी कोंबडी ईराच्या हातात दिली आणि मुलाकडे लांब जॉर्जियात, अल्फारेटाला निघून गेल्या. नव्या बाई हावभावांसकट पाठांतर घेतात. पोरं एका सुरात 'खूप छान' म्हणतात.

फेब्रुवारीत आबा गेले. व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. दुपारी घर माणसांनी आणि डब्यांनी भरलं. वय झालं होतं, सुटले बिचारे, तू स्ट्राँग राहा, असं सगळे एकदम बोलत होते. मी मान हलवत होते.

ईरा आतून कोंबडी घेऊन आली. टेबलावर ठेवली, फिरवली.

"काका, काकू, प्लीज गप्प बसा," ती म्हणाली. "आबा अजून चालू आहेत."

कुणी हसलं नाही. विहानच्या बाबाने मान खाली घातली.

गप्पकाकूंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण कोंबडी वाजली तेव्हा ती पुन्हा दोन मिनिटांवर फिरवली, ती मीच.