मी भरलेला रकाना

त्या माणसाच्या गुडघ्यावर मी तंबूच्या खुंट्या ठोकायची हातोडी मारली, तेव्हा वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा फटका मांडीवर बसला. तिसरा खांद्यावर, आणि तो खाली गेला. चौथा मी तो पडल्यावर मारला. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला गेले तर त्यातला एखादा फटका गाळायचा मोह होईल.

मी आस्थापना शाखेत काम करते. लोकांच्या सेवापुस्तकांत राहून गेलेल्या नोंदी शोधायच्या आणि पूर्ण करायच्या, यात माझी निम्मी हयात गेली. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा कंटाळा, म्हणून सायकल घेतली. परभणीत पहाटे सायकल चालवणाऱ्या बायका एकेक करत जमल्या आणि आम्ही अकरा जणी झालो. दर हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी सायकलला सामान बांधून बाहेर पडायचं, एखाद्या गावच्या शाळेत तंबू ठोकायचे आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या रस्त्यानं परतायचं, असं ठरलं. याला बाइकपॅकिंग म्हणतात, असं आमच्यातल्या एका शिक्षिकेनं मोबाइलवर वाचून सांगितलं. आम्ही ‘बोचकं बांधून जाणं’ म्हणतो.

बोचकी शिवली ती आमच्यातल्याच एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं. जुनी निळी ताडपत्री आणून तिनं प्रत्येकीच्या सायकलचं माप घेतलं. हँडलला एक पिशवी, दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात एक, सीटखाली एक. तिचं वय पस्तिशीच्या आत. मूल नव्हतं. हातावर कधी भाजल्याचे, कधी वळाचे डाग असायचे आणि ती बाही खाली ओढून घ्यायची. तिची सायकल तिच्या घरी नसायची. आमच्यातली एक दवाखान्यात नर्स आहे, तिला आम्ही सिस्टर म्हणतो, तिच्या जिन्याखाली असायची. हे सगळं मला दिसत होतं. त्याचा अर्थ मी लावला नव्हता.

अर्थ असा होता. यंदा रविवारी दुपारी सेलूत जेवून, सायकली टेम्पोत टाकून आम्ही परभणीला परतणार होतो. ती परतणार नव्हती. ती सेलूच्या स्टेशनवर गाडीत बसून दुसऱ्या जिल्ह्यात बहिणीकडं जाणार होती, कायमची. नवऱ्याला तिनं मावशीकडं दोन दिवस जाते असं सांगितलं होतं. खरं फक्त सिस्टरला माहीत होतं.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी वाटेत सगळ्यांच्या घरून इतके फोन आले, की दर अर्ध्या तासाला कुणीतरी सायकल उभी करून सासूला ‘पोचले’ म्हणून सांगत होती. म्हणून मी नियम केला. प्रत्येकीनं फॉर्मवर घरचा नंबर द्यायचा आणि निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या घरी एकच संदेश पाठवायचा: रस्ता कोणता, मुक्काम कुठं, किती वाजता. तिनं घरच्या नंबरचा रकाना मोकळा ठेवला. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘देते की ताई’ म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातून येताना तिच्या दुकानावरून गेले. दुकान बंद होतं, पण पाटी होती. पाटीवर नवऱ्याचं नाव, खाली मोबाइल नंबर. मी रिक्षा थांबवली, नंबर उतरवून घेतला, घरी येऊन रकाना भरला आणि संदेश पाठवला. काम पूर्ण झाल्याचं समाधान वाटलं. ते मला अजून आठवतं.

सकाळी निघताना मी तिची सायकल उचलून बघितली. हलेना.

“दगड भरलेत का गं?”

“कातरी हाय, ताई. आन् थोडं कापड.”

“दोन दिवसांत कुणाचा ब्लाउज शिवणार आहेस?”

“तुमचाच. लय ढगळ घालता तुमी.”

सगळ्या हसल्या. ती सगळ्यांत पुढं लागली. एवढं वजन घेऊन ती चढावर उभी राहून पॅडल मारत होती आणि आम्हाला तिला गाठता येत नव्हतं.

झरीच्या अलीकडं मोटरसायकलवरचे दोघं बराच वेळ आमच्या बाजूनं चालले. घाणेरडं बोलत होते. एकानं हात लांबवून काकूंच्या सीटखालची पिशवी ओढली. काकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या, शेती करणाऱ्या, पन्नाशीनंतर सायकल शिकलेल्या. तोल जाता जाता त्यांनी पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि त्याच्या मनगटावर घातली. तो कळवळून ओरडला. मोटरसायकल शेतात उतरता उतरता राहिली.

“तुझ्या आयला बी पाठव रे पुढल्या वर्षी,” काकू मागून ओरडल्या, “तिला बी शिकवते!”

त्यानंतर पुढचा तासभर आम्ही स्वतःला लय शूर समजत होतो.

झरीच्या पुढं आतल्या बाजूला एका गावची शाळा मिळाली होती. साडेतीनला पोचायचं होतं, साडेतीनला पोचलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, हुरड्यात आलेली. काकूंनी गावातून गोवऱ्या आणायची बोलणी सुरू केली. मी खुंट्या ठोकायला बसले. ती शाळेच्या ओट्याजवळ मोठा पंप लावून शिक्षिकेच्या चाकात हवा भरत होती. फाटकातून मोटरसायकल आत आली तेव्हा मला वाटलं, मुख्याध्यापक आले.

त्यानं मोटरसायकल नीट स्टँडवर लावली. मोबाइल काढून तिच्यापुढं धरला.

“वाच. साडेतीन, मुक्काम शाळा. तुझ्या मॅडमनीच धाडलंय. साडेतीनलाच आलो का न्हाई?”

ती उभी राहिली. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

“मावशी सायकल चालवायली का गं तुझी?” म्हणाला आणि त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली. तिला तसंच ओट्यापर्यंत ओढत नेलं आणि ओट्याच्या कडेवर तिचं तोंड आपटलं. एकदा, मग परत. मग सोडून तिच्या सायकलला लाथ घातली. पिशवी फाटली आणि आतून साड्या, कागदांची प्लॅस्टिकची थैली, कातरी असं सगळं फरशीवर पडलं. त्यानं थैली उचलली. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, दहावीचं प्रमाणपत्र.

“आसं हाय का?” तो हळू आवाजात म्हणाला. “जायलीस का तू?”

मग त्यानं पंप उचलला. तो लोखंडी पंप. लहान पंप कामाचे नसतात म्हणून मीच मोठा आणायला लावला होता. ती ओट्याला धरून उठत होती. त्यानं तिच्या उजव्या मनगटावर पंप मारला. तिला आवाज करायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं परत त्याच जागी मारला, नेम धरून. त्याला माहीत होतं ती कुठल्या हातानं कापड कापते ते.

आम्ही दहा बायका उभ्या होतो. झरीजवळ बाटलीनं मनगट फोडणाऱ्या काकूसुद्धा. रस्त्यावरचा गुंड वेगळा आणि नवरा वेगळा. नवरा मारतो तेव्हा मध्ये पडायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं होतं, आठवत नाही, पण पाय हलत नव्हते. एकटी सिस्टर त्याच्या अंगावर धावली. त्यानं तिला कोपरानं ढकललं आणि ती पाठीवर पडली.

माझे पाय का हलले, हे मी चांगलं सांगू शकते आणि खरंही सांगू शकते. दया आली म्हणून नव्हे. त्याच्या खिशात मोबाइल होता आणि त्यावर माझा संदेश होता. त्यातली प्रत्येक वेळ मी घातली होती. मला तो माणूस त्या वाक्यासकट मोडून टाकायचा होता. हातोडी हातात होतीच. पुढचं सांगितलं आहे. एक सांगायचं राहिलं: चौथा फटका मारताना मला बरं वाटलं. पाचवा मारला असता. काकूंनी मागून कवळ घालून मला उचललं.

“बस झालं, बाई. मरंल त्यो.”

सिस्टरनं तंबूच्या दोन काड्या घेऊन तिचा हात ओढणीनं बांधला. तिच्या तोंडातून रक्त येत होतं, पुढचा एक दात ओट्यावर पडला होता. गावातल्या एकानं पिकअप काढली. नवऱ्याला दुसऱ्या गाडीतून नेलं. पिकअपमध्ये मी तिच्या शेजारी बसले. तिनं ओठावरचा रुमाल बाजूला केला. मग म्हणाली,

“ताई, रकाना मी इसरले नव्हते. सोडला व्हता.”

 

मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. रविवारी दुपारी, ज्या वेळी ती सेलूला गाडीत बसणार होती, त्या वेळी आम्ही पोलीस ठाण्यात बाकावर बसलो होतो. तिच्या हाताला प्लॅस्टर, सुजलेलं तोंड, अंगावर सिस्टरची साडी. समोर नवऱ्याचा भाऊ बसला होता. नवरा दवाखान्यात होता, गुडघ्याची वाटी फुटली होती. त्याच्या वतीनं माझ्याविरुद्ध तक्रार आली होती. मी दहा-बारा फटके मारले, असं त्यात होतं.

तिथल्या साहेबांनी कागद बाजूला सारला आणि समजुतीचा सूर लावला.

“मॅडम, तुमी शिकलेल्या हायत. सरकारी नोकरी हाय. खामखा गुन्हा लागला तर निलंबन होतंय, तुमाला मी काय सांगायचं. हे लोक मागं घ्यायलेत. बाईनं बी मागं घ्यावं, घरी जावं. नवरा-बायकोचं हाय. चार दिवसांत गोड होतंय.”

“वहिनीला काय बी करणार न्हाई आता,” भाऊ म्हणाला. “जिम्मा माझा.”

निलंबनाची प्रकरणं माझ्याच टेबलावरून जातात. निवृत्तीला किती वर्षं आणि किती महिने उरलेत, ते मला तोंडपाठ आहे. मी खाली बघितलं. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण तिला दिसेल एवढा वेळ नक्की.

“ताईंना तकलीफ व्हत आसंल,” ती म्हणाली, दात गेल्यानं शब्द सांडत होते, “तर जाते मी घरी.”

सहज म्हणाली. गिऱ्हाइकाला बाही लांब वाटते म्हटल्यावर ‘करते की कमी’ म्हणावं, तसं.

“फटके दहा नव्हते,” मी साहेबांना म्हणाले. “चार होते. तीन उभा असताना, एक पडल्यावर. हातोडी माझी. तसं लिहून घ्या, मी सही करते.”

“पडल्यावरचा कशाला सांगायलात, मॅडम?”

“मारला म्हणून. आणि आता हिचा जबाब घ्या. ही घरी जाणार नाही.”

“तिला बोलू द्या की.”

सगळे तिच्याकडं बघायला लागले. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला आणि सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं प्लॅस्टरचा हात टेबलावर ठेवला आणि सुरुवात केली. शनिवारपासून नाही, लग्नापासून. इस्त्रीचा चटका, दाराच्या फटीत धरलेली बोटं, पोटावरची लाथ आणि त्यानंतर दोन दिवस थांबलं नाही ते रक्त. मूल का नाही, ते त्या दिवशी मला कळलं. साहेबांचं लिहिणं मध्येच थांबलं, तर ती म्हणाली, “लिव्हा, साहेब. मी थांबते.” सही डाव्या हातानं केली.

संध्याकाळच्या आत सिस्टरनं तिला परभणीहूनच गाडीत बसवलं. मला ती स्वतःच स्टेशनवर येऊ नका म्हणाली होती.

माझी खात्यातली चौकशी चालू आहे. दोन्ही खटले, त्याच्यावरचा आणि माझ्यावरचा, चालू आहेत. तारखेला ती गाडीनं येते. मनगट थोडं वाकडं जुळलं आहे. कातरी धरता येते का, हे मी सिस्टरला विचारलं. जाड कापड जमत नाही, म्हणाली. गेल्या तारखेला कोर्टाच्या आवारात मी दोन चहा घेतले आणि एक तिच्यापुढं धरला. तिनं तो डाव्या हातानं घेतला, बाकावर माझ्यापासून एक माणूस सोडून बसली आणि आमच्या नावाचा पुकारा होईपर्यंत प्यायली.