गच्चीवरचं वाळवण

सारसोळे कोळीवाड्याच्या गंगूमावशी नेरूळच्या एका छोट्या इस्पितळात वॉर्डाची साफसफाई बघत. आवाज मासळीबाजारातला, नाक त्याहून तिखट. दुपारी मात्र त्या कुणाच्याच नव्हत्या. घर दोन गल्ल्या सोडून. तिथे जायचं, गरम कालवण-भात ओरपायचा आणि तोंड पुसत परत यायचं. डब्यातलं गार कालवण म्हणजे त्यांच्या मते मेलेल्या माशाला पुन्हा मारणं.

नेमकी त्या कालवणावरच गदा आली.

"मावशी, या महिन्यात पिवळ्या पिशवीचं वजन उतरलं नाही, तर तुमची बदली उलव्याच्या शाखेत," वॉर्डाच्या मुख्य सिस्टर चारुलताबाई म्हणाल्या.

पिवळी पिशवी म्हणजे रक्ताळलेला कापूस, पट्ट्या. ती साध्या कचऱ्यात जात नाही; जाळायला वेगळी गाडी नेते. आणि या वॉर्डाची पिशवी उचलताना गाडीवाला रोज आईला हाक मारायचा.

"उलव्याला? मंग मी जेवू कवा?"

"डबा न्या की."

सिस्टरांनी नवरा सोडायला सांगितल्यासारखं मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं.

पण वजन कसं उतरवायचं, हे कोळणीला कुणी शिकवावं? ओला बोंबील आणि सुका बोंबील, फरक नुसता पाण्याचा. मावशींनी हातमोजे चढवले, पिशवी गच्चीवर नेली, दोरी बांधली आणि पट्ट्या ओळीनं टांगल्या. कावळे जमले, तशा काठी घेऊन राखणीला बसल्या.

चादरी काढायला आलेल्या सिस्टर दारातच थिजल्या.

"मावशी, हे काय?"

"वालवन."

"अहो, जंतू आहेत त्यात. सगळ्या नेरूळला वाटायचेत का?"

"उन्हात मरतील ना. आमचा सुकट बघा, वरीसभर टिकतो."

"सुकट खातात, मावशी. हे कोण खाणार आहे?"

सिस्टर अजून बरंच बोलणार होत्या, पण त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे शहाळ्यांचा डोंगर, चहाचे कप, वडापावचे कागद आणि अर्धी पपई.

"हे कुठलं?"

"त्याच पिशवीतला. ह्ये सुकवून काय उपेग? म्हनून बाजूला काढला."

पिशवीचं वजन कुठून येतं, ते आता सिस्टरांना कळलं. वॉर्डातल्या साध्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण कधीच मोडलेलं. पिवळ्या पिशवीच्या डब्याचं पायानं टपकन उघडायचं, म्हणून भेटायला येणारा जो तो त्यातच टाकायचा.

पट्ट्या नव्या पिशवीत गेल्या, गच्ची औषधानं धुतली. पिवळा डबा ड्रेसिंगच्या खोलीत हलला, वॉर्डात धड झाकणाचा साधा डबा आला आणि दारात मावशी उभ्या राहिल्या.

"ओ भाऊ, तिकडं कुठं? तुमच्या शहाल्याला काय रोग झालाय?"

डॉक्टर आशुतोषही सुटले नाहीत. "डाक्टर, चा पिलात तर कप साध्यात. कपाला टाके घातलेत काय?"

महिनाअखेर गाडीवाल्यानं पिशवी एका हातानं उचलली. सिस्टर खूश.

"मावशी, कमाल केलीत. आता उलव्याच्या लोकांनाही शिकवा. सोमवारपासून तिकडेच."

मावशी तडक कालवण-भात जेवायला निघून गेल्या.

शनिवारी दुपारी पिवळ्या पिशवीत एक शहाळं सापडलं. मावशींनीच ते सिस्टरांपुढे आणून धरलं.

"बघा. मी अजून गेली पन नाय, तर ही तऱ्हा."

सिस्टरांनी शहाळं हलवलं. आत पाणी डुचमळलं. ते कुणी फोडलंच नव्हतं.

"उलव्याच्या बायकांनाच इकडे बोलावते," सिस्टर हसू दाबत म्हणाल्या.

"बोलवा. पन दुपारची नको," म्हणत मावशी घराकडे निघाल्या.