‘ठेका कामगार’ कोणाच्या पोटात?

“मॅडम, ये ‘नॅरोअर’ हटाकर ‘रिलेटेड’ कर दीजिए. छोटा-सा काम है,” जीएम साहेब माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले.

“नहीं होगा, सर,” मी म्हटलं.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात लोखंडी खांब ॲसिडच्या टाकीत धुऊन त्यांवर जस्ताचा थर चढवतात. मी तिथली कम्प्लायन्स ऑफिसर. कोणता नियम कोणाला लागतो, ते बघणं माझं काम. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये शब्दांची नाती बांधलेली असतात. ‘कामगार’ हा वरचा शब्द. त्याच्या पोटात ‘कायम कामगार’ आणि ‘ठेका कामगार’. पोटातल्या शब्दाला म्हणायचं नॅरोअर टर्म. वरच्याला लावलेला नियम पोटातल्यांना आपोआप लागतो. रिलेटेड टर्म नुसती शेजारीण. ‘ॲसिड’ आणि ‘हातमोजे’ रिलेटेड आहेत, पण एकाचा नियम दुसऱ्याकडे जात नाही.

ॲसिडच्या टाकीवरच्या प्रत्येक कामगाराची फुप्फुसं तपासायची, असा नियम सिस्टिमने समोर आणला होता. टाकीवर सगळे ठेक्याचेच लोक. त्यांतला गेंदालाल वाक्य अर्धं सोडून खोकायचा. रिपोर्ट खराब आले की माणसं टाकीवरून हलवावी लागणार, आणि साहेबांच्या डोक्यावर मोठी ऑर्डर होती. म्हणून ‘ठेका कामगार’चं ‘कामगार’शी असलेलं हे नातं तोडायचं.

“ठेकेवाला भी कामगार ही है, सर. कानून में ही लिखा है.”

“मैं कहाँ मना कर रहा हूँ? बस रिश्ता थोड़ा दूर का कर दीजिए.”

“रिश्ता दूर का हुआ तो जाँच गई. मैं नहीं करूँगी. आपको करना है तो अपने लॉगिन से कीजिए.”

दुसऱ्या दिवशी शब्दांची नाती बदलण्याचे माझे अधिकार काढून घेतले. ते काम आयटीतल्या परागकडे गेलं. तो माझ्या टेबलाशी आला.

“ताई, काहून भिडून राहिली तू त्यांच्याशी? मलाच करायला लावून राहिले ना आता!”

“मग कर. पण कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. आणि खाली तुझं नाव कायमचं राहील.”

“कारण काय लिहू?”

“खरं ते लिही. तपासणी टाळायची आहे.”

 तो म्हणाला, “चलो, मीपण नाही करत.” आणि साहेबांना तसं सांगूनही आला. मग साहेबांनी स्वतः स्क्रीन उघडली. त्या रकान्यापाशी येऊन बंद केली.

तपासणी झाली. गेंदालालसह काही जणांची फुप्फुसं खराब निघाली. ठेकेदार त्यांना घरी पाठवायला निघाला होता. त्यावरही मी भांडले. शेवटी त्यांना बाहेर यार्डात, मोकळ्या हवेत काम मिळालं. गेंदालाल माझ्यावर चिडलाच. टाकीवरच्या जोडीदारांची साथ सुटली म्हणून.

माझी बदली स्टोअरमध्ये झाली. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी एवढंच सांगितलं: कोणी एखादा शब्द ‘रिलेटेड’ करायला सांगितला, तर त्याने कोणाची तपासणी बुडते ते आधी बघ. आणि नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच दिवशी म्हण. एकदा बदल करायला बसलीस, की कारण लिहावं लागतं, आणि खाली नाव तुझं राहतं.