बंद करणारे तुम्ही कोण?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. भांडणं जमत जातात, आणि राग उतरला की त्यांचेच किस्से होतात! आमच्याकडे भांडणांना तोटा नाही. गोव्यात साखळीच्या बाजारात, टेलरच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं तीन: आमोण्याची सुलक्षा, चोपड्याचा दामू आणि मी. दामू बोर्ड बनवतो, आम्ही दोघं त्याचे ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, कर्नेलमध्ये बसून यंत्राचा एकेक भाग चालवणारा प्रोग्राम. बोर्डावर वीज सोडणारी एक चिप असते, तिला रेग्युलेटर म्हणतात. ड्रायव्हरने तिच्याकडे वीज मागायची, आणि काम झालं की "माझं झालं" म्हणून सांगायचं. बस्स! एवढ्याशा गोष्टीवरून आम्ही जगाशी भांडलोय.

*

पहिलं भांडण घरातलंच. मी स्क्रीनचा ड्रायव्हर लिहिला. स्क्रीन विझली की रेग्युलेटर बंद. झकास! पण चालवला की कर्नेल लांबलचक वॉर्निंग ओकायचा.

"वॉर्निंगच आहे ना, झाकून टाकतो," मी म्हटलं.

सुलक्षाने खुर्ची वळवली. "तो रेग्युलेटर चालू कुणी केला?"

"बूटलोडरने. तोच मशीन सुरू करतो ना, तेव्हाच."

"म्हणजे तुझ्या ड्रायव्हरने वीज मागितलीच नाही. मगे बंद करणारो तू कोण रे?"

वॉर्निंग झाकली नाही. कोड बदलला.

*

त्याच सुमारास सुलक्षाला बघायला बांद्याहून मंडळी आली. मुलाच्या आईने विचारलं, "बाय, काम काय करतंस?"

"ड्रायव्हर लिहिते."

"खाणीवरच्या डंपराचो?"

ते कसंबसं समजावून झालं. मग मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडे लग्नानंतर हे सगळं बंद करावं लागेल हां."

सुलक्षा शांतपणे म्हणाली, "काका, चालू तुम्ही केलं होतं काय?"

 तिचे वडील बशी पुढे सरकवत म्हणाले, "भजी घ्या. गरम आसत."

स्थळ गेलं. उरलेली भजी आम्ही ऑफिसात खाल्ली. पोरीच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालल्यावरसुद्धा पाहिला नव्हता!

*

आमच्या इमारतीतली वीज सारखी जायची. तक्रार घेऊन आम्ही एका पुढाऱ्याकडे गेलो. "झालंच म्हणून समजा!" तो म्हणाला. पुन्हा गेलो. "झालंच म्हणून समजा!"

आता, बोर्डाच्या माहितीत रेग्युलेटर लिहायचा राहिला तर कर्नेल ड्रायव्हरला एक डमी रेग्युलेटर देतो. तो मागणाऱ्याला प्रत्येक वेळी "हो, दिली वीज" म्हणतो आणि करत काहीच नाही.

पुढच्या खेपेला दामू त्याच्या तोंडावर म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखो एक आमच्या कर्नेलात आसा. त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

साहेब इतके खूश झाले की आम्हाला चहा पाजला!

*

होड्यांवर बसवायच्या आमच्या सेन्सरला वीज मिळाल्यावर जागं व्हायला जरा वेळ लागतो. म्हणून ड्रायव्हरने थोडं थांबावं, असा बदल आम्ही कर्नेल सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींकडे पाठवला. तिकडून परदेशातल्या एका जाणकाराचं उत्तर आलं: "थांबायची गरज नाही. माझ्या बोर्डावर व्यवस्थित चालतं."

दामू खवळला. "त्याका सांग, तुझो बोर्ड हंय धाड! होडयेक बांधतां आणि खाऱ्या वाऱ्यात सोडतां, मगे बघूया!"

सुलक्षाने त्याचं सभ्य इंग्रजी केलं: "आपला बोर्ड पाठवल्यास प्रत्यक्ष वापरात तपासून देऊ."

बोर्ड आला नाही. बदल मात्र स्वीकारला गेला.

*

आणि हा किस्सा चोपड्याच्या नदीकाठचा. होड्यांवर बसवायची पेटी आम्ही करत होतो. पेटी आपली जागा किनाऱ्यावर कळवत राहते. दामूचे वडील रोज मासे मारायला जातात, त्यामुळे आमच्यासाठी हा खेळ नव्हता. आमचा ड्रायव्हर जीपीएसला वीज द्यायचा, जागा घ्यायचा, वीज बंद करायचा. बॅटरी टिकायची.

पण गिऱ्हाईक कंपनीचे मॅनेजर बंगळुरूहून फोनवर अडून बसले. "जागा उशिरा दिसते. रेग्युलेटर कायम चालू ठेवा."

"सर, बॅटरी मरेल. आणि माणूस समुद्रात असेल."

"मी सांगतो तसं करा!"

"नाही करणार," सुलक्षा म्हणाली. "हवं तर दोन्ही पेट्या बांधते. तुमच्या पेटीच्या होडीत तुम्ही बसा."

साहेब जिद्दीचे. आले! दोन्ही पेट्या सारख्याच चार्ज करून, चालू करून आम्ही आदल्या दिवशी होड्यांवर बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब लाइफ जॅकेट घालून आपल्या होडीत बसले, वल्ह्यावर दामूचे वडील. आम्ही काठावर लॅपटॉप घेऊन. पेटी बराच वेळ गप्प राहिली की होडी बुडाली असं सिस्टिमने समजायचं, हा नियमही साहेबांनीच घालून दिलेला.

होडी नदीच्या मध्यावर पोचली. साहेबांचा फोन आला. तिथून ते आम्हाला स्पष्ट दिसत होते, दुसरा हात उंच करून हलवत होते.

"बघा! काही अडचण आली? मी कुठे आहे, दिसतंय ना?"

सुलक्षाने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं.

"सर," ती अदबीने म्हणाली, "तुमच्या नियमाप्रमाणे तुम्ही सकाळीच बुडालात!"