कचारगडला मामासोबत

माय गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी आणि ताई कचारगडला निघालो. आमगाव गेलं, सालेकसा गेलं. धानाची कापणी झालेली, बांध्या रिकाम्या. ताई सारखी पदर सारखा करत होती आणि मी विनाकारण गाडीचा हॉर्न वाजवत होतो.

आमची माय गोंड, बाबा पोवार. दोघांनी पळून लग्न केलं. बाबांच्या घरच्यांनी काही वर्षांनी तिला चुलीपाशी येऊ दिलं, पण माहेरचं दार तिच्यासाठी कायमचं बंद झालं. माघ पौर्णिमेला गोंडांच्या कचारगडच्या जत्रेसाठी गोंदिया स्टेशनवर पिवळ्या फेट्यांची गर्दी उसळायची. माय त्या दिवशी घरातलं काहीतरी काम काढून बसायची. विचारलं तर म्हणायची, "मले कायले जायचं तिथी?" आणि मग दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही.

तिचा धाकटा भाऊ दरेकसाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी राहतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात एक म्हातारा बांबूच्या कमट्या सोलत बसला होता.

"कोन होय तुमी?"

ताईने मायचं नाव सांगितलं. "तिची लेकरं आम्ही."

त्याचा हात थांबला. तो उठला आणि घरात गेला. आम्ही अंगणात उभेच. मी फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"चल, निघू," मी म्हणालो.

"थांब ना जरा."

तो बाहेर आला तेव्हा त्याने धुतलेला सदरा घातला होता, हातात पाण्याचा तांब्या होता. त्याने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि वाकला. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. लग्नकार्यांत मी ते कितीदा पाहिलं होतं, पण माझ्यासमोर कधी कोणी वाकलं नव्हतं. मी पाय मागे ओढला.

"पाय नोको ओढू. भाचा होय तू," मामा म्हणाला. मग तो ताईच्याही पाया पडला. ताईला रडू फुटलं. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "गड पाहाले आले ना? चाला."

दरी चिंचोळी होती. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधून पाण्याची बारीक धार. मामा झपाझप पुढे चालला होता, मागे वळूनही बघत नव्हता. दम लागलेल्या ताईने शेवटी विचारलंच, "मामा, तुम्ही मायला कधी बोलावलं काऊन नाही?"

तो चालतच राहिला. पाण्याची धार ओलांडताना म्हणाला, "बाप होता तवा हिंमत नाई झाली. बाप गेल्यावर लाज वाटे."

गुहा एवढी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं. वर छताला पडलेल्या भगदाडातून उजेडाचा पट्टा खाली उतरला होता. मामाने शेंदूर लावलेल्या दगडांपुढे हात जोडले. "आमचे देव लेकरं होते तवा इथीच कोंडून होते," तो म्हणाला. "लिंगोनं, आमच्या गुरूनं, सोडवलं त्याहिले."

मग तो अंधाराच्या बाजूला तोंड करून मोठ्याने ओरडला. एक नाव होतं ते, आम्ही कधीच न ऐकलेलं. वटवाघळं फडफडत उठली. तो पुन्हा ओरडला.

"कोणाला हाक मारता?" मी विचारलं.

"तुया मायले. घरी आमी तिले असंच म्हनो."

परत आल्यावर मामीने भात वाढला. मामा म्हणाला, "आज राहून जा." आम्ही नाही म्हटलं. का, ते मला अजून सांगता येत नाही.

फागुनात तो न सांगता आमच्याकडे गोंदियाला आला. खुर्चीवर टेकला आणि लगेच उठला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आत बघत राहिला, पण उंबरा ओलांडला नाही. चहा उभ्यानेच प्यायला. "गाडी हाय माही," म्हणाला. गाडीला अजून बराच वेळ होता.

आता मीही जातो त्याच्याकडे, कधी ताईबरोबर, कधी एकटा. तिथे पोहोचलो की थोड्या वेळात निघावंसं वाटतं. निघालो की सालेकसा येईपर्यंत मन मागेच धावत असतं.