रापणीचा वाटा

मिशनसेवेला निघायला महिना उरला होता. "आधी ख्रिस्तासारखं प्रेम करायला शीक," असं फादरांनी बजावलं, म्हणून मी देवबागला रापण ओढायला गेलो. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या जाळ्याच्या दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. मी मात्र संताचा चेहरा करून म्हणालो, "माका नको, मियां सेवा केलंय."

रापणीचा म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "बाबू, परक्या गावात लोक प्रेमान जेवूक वाढतले, तेंकाय असोच नको म्हणतलंस?"

चारचौघांत माझी लाज राखून केवढं शिकवलं त्याने! मी मुकाट्याने शर्टाचा ओचा पुढे केला. त्यात बांगडे टाकताना तो इतका खूश झाला, की मीच त्याच्यावर उपकार केल्यासारखं मला वाटायला लागलं. खोड काही जात नाही!